जिन्यातला जकातनाका

"गूट हे उत्तर नाही! बटाटेसुद्धा गूट असतात! तुम्ही बटाटा आहात का?"

गूट म्हणजे जर्मनमध्ये बरं, छान. आणि हा आरडाओरडा आमच्या घरमालकीणबाईंचा. ज्याच्यावर चालला होता तो प्लंबर, आणि तो खरोखरच बटाट्याच्या पोत्याएवढा होता. मालकीणबाई त्याच्या पट्ट्याच्या बकलाकडे बघून ओरडत होत्या, कारण त्यांची नजर सरळ तिथंच पोचत होती. हातातला झाडू जिन्यात आडवा धरलेला. वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या बाथरूमचा पाइप फुटलेला, पाणी एकेक पायरी उतरत खाली यायला निघालेलं, आणि मी कठड्यावरून वाकून बोंबलतेय, "अहो, सोडा हो त्याला वर! घर वाहून चाललंय!"

"तिसरा मजला, तुम्ही गप्प बसा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पाण्याला कुठं जायचंय ते माहीत आहे. ह्या माणसाला स्वतःचं काय चाललंय तेच माहीत नाही."

प्लंबरनं हत्यारांची पेटी या हातातून त्या हातात घेतली. छताकडे बघितलं. छतातून एक थेंब त्याच्या कपाळावर पडला. मग छातीपाशी मूठ गोल फिरवत तो म्हणाला, "सकाळपासून इथं... असं... ग्र्र्र, ग्र्र्र."

"इराइरा!" मालकीणबाईंचा चेहरा दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा पेटला. "मग आधीच नाही का सांगायचं? जा वर."

त्या माणसानं पाइप बसवला, आणि बसवता बसवता ते इराइरा, म्हणजे स्वतःच्या मेहुण्याबद्दल त्याच्या मनात जे जे खदखदत होतं ते सगळं मला सांगून टाकलं. जर्मन प्लंबर, बरं का! ज्याच्या तोंडून 'वॉशर गेलाय' यापलीकडे वाक्य फुटत नाही, तो टॉवेलला डोळे पुसून गेला. माझ्याच टॉवेलला.

मी गोष्टी फुगवून सांगते असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. त्याच्या मते पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंतच आलं होतं आणि प्लंबरच्या डोळ्यांत चुन्याची पूड गेली होती. असेल. पण तो त्या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये बसला होता आणि मी पाण्यात उभी होते, त्यामुळे माझीच गोष्ट खरी धरावी.

तर हा आमच्या जिन्यातला जकातनाका. ड्युसेलडॉर्फला ऱ्हाईनच्या डाव्या काठावर एक जुनी चारमजली इमारत, तळमजल्यावर मालकीणबाईंचं दार, ते सदा उघडं, आणि दाराबाहेर पहिल्या पायरीशेजारी एक बुटकं लाकडी स्टूल. त्या स्टुलावर बसून त्या मुळे किसायच्या, मोजे रफू करायच्या, पत्र आलं असेल तर ते मोठ्यांदा वाचायच्या. वर जाणाऱ्या प्रत्येकानं त्या दिवशी आपल्या मनाचं काय चाललंय ते सांगायचं आणि मगच पुढची पायरी चढायची. भाडेकरू असो, पाहुणा असो, मीटर वाचायला आलेला माणूस असो. सूट कुणालाच नाही. निवडणुकीच्या वेळी मतं मागायला आलेला एक उमेदवार 'सोवासोवा' हे कबूल करून वर गेला होता. सोवासोवा म्हणजे आपली चुळबुळ.

मालकीणबाई मूळच्या जपानच्या. तरुणपणी एका जपानी कंपनीच्या ऑफिसात कारकुनी करायला म्हणून ड्युसेलडॉर्फला आल्या. या गावात जपानी माणसं इतकी आहेत की स्टेशनाजवळच्या रस्त्यावर उभं राहिलं तर जर्मन माणूसच परदेशी वाटतो. कंपनीनं त्यांना परत बोलावलं तोवर त्यांनी इथल्याच एका ट्रामच्या ड्रायव्हरशी लग्न लावून टाकलं होतं. ही इमारत त्याच्या आईवडलांची. उंचीनं मालकीणबाई आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्याएवढ्या, केस वाटी ठेवून कापल्यासारखे, अंगात इतक्या खिशांचा एप्रन की त्यातून कधी स्क्रू निघायचा, कधी खारवलेलं आंबटढाण फळ. आणि आवाज? ऱ्हाईनवरच्या मालवाहू बोटी त्यांच्या आवाजानं आपला भोंगा वाजलाय असं समजून उगाच वळायच्या.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत. मजल्यानं मारत. मी आणि माझा नवरा मिळून 'तिसरा मजला'. चौथ्यावर दोन विद्यार्थिनी होत्या, त्या 'चौथा मजला डावी' आणि 'चौथा मजला उजवी'. दुसऱ्या मजल्यावर इन्कम टॅक्स खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांचा आखूड पायांचा लांबलचक कुत्रा. हे 'दुसरा मजला' जिन्याच्या नियमांचे मोठे अभ्यासक. ट्रेपेनहाउस, म्हणजे आपला जिना हो, तो आग लागली तर पळायची वाट असल्यामुळे तिथं स्टूल, झाडू आणि म्हातारी यांपैकी काहीही ठेवता येत नाही, असं ते रोज सांगायचे. मालकीणबाई रोज ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "हे सांगताना कसं वाटतंय?" ते ताठ उभे राहून म्हणायचे, "ग्रुमेल." जर्मन माणसाच्या पोटातून येणारी ही गुरगुर. मालकीणबाईंना ती मान्य होती. "जर्मनमधला एकमेव प्रामाणिक शब्द," असं त्या म्हणायच्या.

त्यांची जर्मन भाषेवर ही एवढीच एक तक्रार होती. "या लोकांकडे मशीनच्या प्रत्येक स्क्रूला नाव आहे. मनाला नावं दोन. गूट आणि फारसं गूट नाही." जपानीत मात्र, त्या म्हणायच्या, मन आवाज करतं. काहीतरी छान होणार म्हणून आतून उड्या मारायला लागतं ते वाकुवाकु. मनावर मळभ धरतं, पडतही नाही आणि जातही नाही, ते मोयामोया. झालेल्या गोष्टीवर माणूस गोगलगाईसारखा आत आत वळत कुढत बसतो ते कुयोकुयो. पावसात उभ्या राहिलेल्या छत्रीविना माणसासारखं खांदे पाडून बसणं म्हणजे शोम्बोरी. हे सगळं त्या नुसतं सांगायच्या नाहीत, करून दाखवायच्या. शोम्बोरी करताना त्या इतक्या खचायच्या की स्टुलावर नुसता एप्रन ठेवलाय असं वाटायचं.

आम्हाला हे घर मिळालं तेसुद्धा याच नाक्यावर. ड्युसेलडॉर्फात भाड्यानं घर मिळवणं काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. घर बघायला आलेल्यांची रांग जिन्यातून निघून कोपऱ्यावरच्या बेकरीला वळसा घालून गेली होती. प्रत्येकाच्या हातात पगाराच्या स्लिपा, जुन्या घरमालकाचं शिफारसपत्र, एकाच्या हातात तर त्याच्या मांजराचं लसीकरणाचं कार्ड. मालकीणबाई स्टुलावर बसून एकेकाला विचारत होत्या, "माझ्या जिन्यात उभं राहून कसं वाटतंय?" गूट. सुपर. आलेस गूट. फार सुंदर. पुढे चला, पुढे चला. माझी पाळी आली तोवर माझं सगळं जर्मन वाळून गेलं होतं. हॉटेलातल्या एका खोलीत महिनाभर राहून मी इतकी टेकीला आले होते की छातीवर हात ठेवला आणि सरळ मराठीत म्हणाले, "धडधड होतंय हो. धडधड, धडधड."

मालकीणबाई उठल्या. टाचा उंचावून त्यांनी माझ्या छातीला कान लावला. रांगेतल्या लोकांनी माना फिरवल्या. "दोकिदोकि," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघत, "अजून आहेत तुमच्याकडे असले?"

"पोतंभर," मी म्हणाले.

स्लिपा त्यांनी बघितल्याच नाहीत. किल्ली एप्रनच्या खिशातून काढून माझ्या हातात ठेवली. खारवलेल्या फळाचा रस लागलेली.

तेव्हापासून मी त्यांना एकेक शब्द देत गेले. धाकधूक, तगमग, धुसफूस, हुरहूर, कुरकुर. हुश्श तर त्यांना इतका आवडला की भाजीची पिशवी खाली ठेवतानाही त्या "हुश्श" म्हणायला लागल्या. त्यांच्याकडे त्याला होत्तो म्हणतात. धाकधूक म्हणजे त्यांचं हाराहारा. हे ऐकल्यावर माझा नवरा प्रत्येक वेळी हात उंचावून "महादेव!" म्हणून गर्जायचा आणि त्या प्रत्येक वेळी दचकून त्याला विचारायच्या, "ही कुठली भावना?"

आता इथं मला जरा आवाज खाली आणावा लागतो. जिन्यातच का, घरात बोलावून चहा देऊन का विचारत नाहीत, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. त्या मोजा रफू करत होत्या. सुई थांबली नाही.

"माझा नवरा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन तळघरातून वर येत होता," त्या म्हणाल्या. "इथं, या पायरीवर थांबला. मी विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, गेट शोन." गेट शोन म्हणजे चालतंय, ठीक आहे. "आयुष्यभर हेच म्हणायचा. ट्रामखाली माणूस आला तेव्हा गेट शोन. आई गेली तेव्हा गेट शोन. मी म्हटलं, बरं. मी आत जाऊन भात लावला. भात होईपर्यंत तो संपला होता. टोपली अजून पायरीवर होती."

मोज्याचं भोक बुजलं. त्यांनी दातानं धागा तोडला. "तेव्हापासून मी ठीक घेत नाही. कुणाकडूनच."

आणि अशा बाईच्या जिन्यात आम्ही आमच्या अण्णांना आणून ठेवलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम सातारा. जन्मभर कालव्याच्या पाण्याची उंची बघितलेला माणूस, तोंडून शब्द काढायचा तर तोही पाळी लागल्याशिवाय सोडायचा नाही. पण त्याचं कधी काही अडलं नाही, कारण अण्णांचं मन सासूबाई बोलायच्या. "ह्यांना आज करमत नाहीये." "ह्यांना तुझा राग आलाय, पण ते सांगणार नाहीत." "ह्यांना आनंद झालाय, बघ, दोनदा खोकले." अण्णा शेजारी बसून मान हलवायचे. मग एका दुपारी भाजी आणायला गेलेल्या सासूबाई बाजारातच कोसळल्या आणि अण्णांचा आवाजच गेला. रडले नाहीत. बोलले नाहीत. कुणी काही विचारलं तर "ठीक." दिवसकार्य झाल्यावर काही महिन्यांनी, मार्चअखेरीस, नवरा त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे घेऊन आला.

अण्णा आले आणि वाळत चालले. शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी दिसायची जशी बादलीत काठी. ताटातली पोळी तशीच. पुण्याच्या एका डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं. ते म्हणाले, "काका, एक ते दहामध्ये सांगा, मन किती उदास आहे?" अण्णा म्हणाले, "पाच." झोप? "पाच." भूक? "पाच." डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना नक्की ऐकू येतंय ना?"

एक गोष्ट मात्र बरी चालली आहे असं आम्हाला वाटत होतं. मालकीणबाई पार्सलाला हात लावत नसत, दुसरा मजला कुत्र्याला घेऊन दिवसभर बाहेर, त्यामुळे बेलला ओ देणारा इमारतीतला एकमेव माणूस म्हणजे अण्णा. इकडे तुम्ही घरी नसाल तर पार्सलवाला शेजाऱ्याची बेल वाजवून तुमचं पार्सल त्याच्याकडे ठेवून जातो. म्हणजे आमच्याकडे. चौथा मजला डावीचे बूट, उजवीचं खत, दुसऱ्या मजल्याचं कुत्र्याचं अन्न. दिवसातून पाच-सात वेळा बेल. अण्णा दर वेळी उठायचे, सही करायचे, खोकी मजल्याप्रमाणे रचून ठेवायचे. "बघ, रमतायत," मी नवऱ्याला म्हणायचे.

"रमतायत?" नवरा एका रविवारी भांडी पुसता पुसता म्हणाला. "काल मला म्हणाले, व्हिसा संपायच्या आधीच तिकीट काढ."

"अरे, पण तिकडे एकटे? त्या घरात? तोंडातून शब्द निघत नाही त्यांच्या. ताप आला तर शेजाऱ्याला तरी सांगतील का?"

"मग काय करू? बांधून ठेवू? मला विचारलं तर मला वाटतं..." तो थांबला. "ते तिकडे जाऊन नुसते बसून राहतील, गं. आणि एक दिवस फोन येईल."

आम्ही दोघंही मग पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत राहिलो.

जकातनाक्यावर अण्णांचं काय व्हायचं? रोज तेच. ते संध्याकाळी पिशवी घेऊन येणार, मालकीणबाई विचारणार, "तिसरा मजला सीनियर, आज?" ते म्हणणार, "ठीक." त्या म्हणणार, "थीक? थीक काय असतं?" आणि मग मी वरून धावत खाली येऊन त्यांच्या वतीनं जकात भरणार. "त्यांचं आज मोयामोया आहे." "आज जरा शोम्बोरी." आपल्याकडे सुनेनं दुसरं करायचं तरी काय? वडीलधाऱ्या माणसाला परक्या बाईनं जिन्यात अडवलंय, त्याला तोंड उघडायला लावायचं का? त्यांचं सासूबाई बोलायच्या, आता मी बोलायचे. घराण्याची रीतच ती.

मालकीणबाईंनी हे थोडे आठवडे चालू दिलं. मग मे महिन्यातला तो शनिवार आला.

अण्णा नदीवर फिरून बेकरीतून पाव घेऊन आले होते. त्यांच्या मागे दुसरा मजला, कुत्र्यासह. त्यांच्या मागे चौथा मजला डावी आणि उजवी, दोघींच्या मध्ये बिअरच्या बाटल्यांचा क्रेट. त्यांच्या मागे आमचा नेहमीचा पार्सलवाला, छातीशी हनुवटीपर्यंत खोकी. मालकीणबाईंनी झाडू आडवा टाकला.

"तिसरा मजला सीनियर, आज?"

"ठीक."

"उत्तर नाही."

"मोयामोया!" मी वरून ओरडले. "त्यांचं मोयामोया आहे! सोडा!"

"तिसरा मजला," मालकीणबाई गरजल्या आणि शपथेवर सांगते, खिडक्यांची तावदानं हलली, "तुम्ही भरलेली जकात चालणार नाही! मन त्यांचं आहे!"

अण्णा डावीकडून निघाले, झाडू डावीकडे. उजवीकडून निघाले, झाडू उजवीकडे. रांग दारातून बाहेर फुटपाथवर गेली. दुसरा मजला आगीच्या वाटेबद्दल बोलायला लागले. मी तीन मजले कसे उतरले ते मला माहीत नाही, पायऱ्यांना माझे पाय लागले नसावेत. खाली पोचले तर मालकीणबाईंनी झाडू खाली घेतला होता आणि त्या अण्णांशी अगदी हळू बोलत होत्या. त्या बाईचा हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"सांगा त्यांना," त्या मला म्हणाल्या. "माझा नवरा याच पायरीवर होता. ठीक म्हणाला आणि गेला. त्याला काय होत होतं ते मला अजून माहीत नाही. कधीच कळणार नाही. मला त्याचा राग येतो. इराइरा. रोज. इतकी वर्षं."

मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा पायरीकडे बघत होते, जशी काही टोपली अजून तिथं आहे. पावाची पिशवी त्यांनी खाली ठेवली.

"धस्स होतं," ते म्हणाले.

रांगेत मराठी एकालाही येत नव्हतं आणि कळलं सगळ्यांना.

"बेल वाजली की धस्स होतं, पोरी. वाटतं, आली. भाजीची पिशवी दोन्ही हातांत असायची ना तिच्या, कोपरानं बेल दाबायची. मी उठतो. दार उघडतो. हा असतो." त्यांनी मागे बोट केलं. पार्सलवाल्यानं खोक्यांवरून डोळे वर काढले. "दिवसभर. दर वेळी धस्स. आणि मग आत नुसती कालवाकालव. म्हणून नदीवर जातो. आणि तिचीच चिडचिड होते. सांगून जायचं ना? माझं सगळं तीच सांगायची. स्वतःचंच नाही सांगितलं. चिडचिड होते नुसती. चिडचिड!" शेवटचा शब्द ते ओरडले. अण्णा! ओरडले!

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. मालकीणबाईंनी हात वर केला.

"चिडचिड," त्या म्हणाल्या. "हं. इराइरा."

"इराइरा," अण्णा म्हणाले, आणि पायरीवर बसले, आणि रडले. सासूबाई गेल्यापासूनचं साठलेलं सगळं. कालव्याचं दार उचलल्यासारखं. मालकीणबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी एप्रनच्या खिशातून एक आंबट फळ काढून त्यांच्या हातात दिलं. आखूड पायांच्या कुत्र्यानं गळा काढला. दुसरा मजला नाक शिंकरून म्हणाले, "ग्रुमेल," पण त्यात दम नव्हता. चौथा मजला डावी उजवीच्या खांद्यावर. पार्सलवाल्याला मी जर्मनमध्ये सांगितलं काय झालंय ते. त्यानं खोकी जमिनीवर ठेवली आणि टोपी काढली. त्या दिवसानंतर त्यानं आमची बेल कधी दाबली नाही. खालून रस्त्यावरून शीळ घालायचा, आणि अण्णा खिडकीतून हात करायचे.

नवरा संध्याकाळी आला तर अण्णांनी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या आणि तिसरीला मीठ कमी आहे म्हणून सांगत होते. तो माझ्याकडे बघायला लागला. "थोडं कमी करून सांग," तो म्हणाला, "पण सांग, काय झालं?" त्या एका दिवशी मी काहीच वाढवलं नाही.

मग जूनपर्यंत रोज सकाळी जिन्यात दोन स्टुलं. श्पार्गेलचा हंगाम होता. श्पार्गेल म्हणजे अ‍ॅस्परॅगसचे ते पांढरे जाडजूड दांडे, ज्यांच्यासाठी जर्मन माणूस वसंतात वेडा होतो. दोघं ते सोलत बसायची. एक सातारी मराठी बोलायचा, एक जपानी-जर्मन. सामायिक भाषा शून्य. मी ऑफिसला जाताना ऐकायचे: "हुरहूर." "फुरुफुरु?" "अंहं. हुर-हूर." कालवाकालव मालकीणबाईंना शेवटपर्यंत जमलं नाही, त्यांची जीभ 'कारवाकारवा'वरच अडायची. अण्णांनी तेवढ्यावर पास केलं. उलट त्यांनी अण्णांना एक शब्द शिकवला तो शिमिजिमि. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही तिघांनी डोकी फोडली. एखादी गोष्ट हळूहळू आत मुरत जावी, कोरड्या जमिनीत पाणी जिरावं तशी, आणि मन ओलं व्हावं. "म्हणजे पाणी जिरतं ते," अण्णा म्हणाले. हयात त्यातच गेली होती.

आता आम्ही हॅम्बर्गला असतो. अण्णा साताऱ्यात. दर रविवारी फोन येतो आणि पलीकडून हॅलो येतच नाही. "आज सकाळपासून चुळबुळ आहे, पोरी," इथूनच सुरुवात. त्यांनी कट्ट्यावरच्या त्यांच्या निवृत्त मंडळींनाही हे व्यसन लावलंय. तिथं 'ठीक' म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. माझ्या नवऱ्याला आता वडील कळतात. बत्तीस दात असलेल्या माणसाला बत्तीस वर्षांनी प्रथम वडलांचा आवाज ऐकायला मिळाला, तो एका परक्या बाईच्या झाडूमुळे. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण घरात झाडूला पाय लागला तर मी आधीपेक्षा जास्त मनापासून नमस्कार करते.

हे सगळं मी मालकीणबाईंना कधी नीट सांगू शकले नाही. सांगायला गेलं की त्या म्हणायच्या, "भाषण नको. एक शब्द द्या." मी द्यायचे. गहिवर. तोही त्यांनी एप्रनच्या खिशात टाकला.

तर अण्णा निघाले तो दिवस. व्हिसा संपायच्या आदल्या आठवड्यात. बाहेर टॅक्सी, नवरा बॅगा चढवतोय, विमानाची वेळ झालेली, आणि झाडू आडवा. वर जाताना जकात असते हे माहीत होतं, उतरताना असते हे त्या दिवशी कळलं.

"तिसरा मजला सीनियर, आज?"

अण्णा इस्त्रीचा शर्ट, मफलर, जून महिन्यात मफलर, सरळ उभे राहिले. "शिमिजिमि," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी मान खाली घातली. झाडू बाजूला केला. अण्णा पायरीवरून उतरले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"पोरी, त्यांना विचार," ते मला म्हणाले. "त्यांचं काय?"

मी विचारलं. आणि विचारता विचारता लक्षात आलं, इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. प्लंबरनं नाही, उमेदवारानं नाही, मीही नाही. दुसरा मजला त्यांच्या दारातून डोकावत होते. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवायला उचललेला हात तसाच ठेवला. मी वाट बघत होते, आता काहीतरी असा शब्द निघेल की ऱ्हाईन उलटी वाहायला लागेल.

मालकीणबाईंनी झाडू भिंतीला टेकवला.

"अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आधी जाऊ दे त्यांना."